आकुएलेचा ताबा

आयितेने परातीत कोमट पाणी ओतले, करंगळी बुडवून पाहिली आणि बाहुलीच्या अंगातला निळा ब्लाउज काढायला घेतला. ब्लाउजला मागे दोन बटणे होती, मसुराच्या डाळीएवढी. काजे त्यानेच केली होती, पण एवढ्याशा काजातून बटण सोडवताना त्याची जाड बोटे दर वेळी अडखळत.

“दमानं घे,” पायरीवर चवळी निवडत बसलेली बायकोची देदे आत्या म्हणाली. “ओरखडा उठेल तिला.”

“नाही उठत. आतून अस्तर लावलंय.”

“अस्तर! आमच्या वेळी नुसती चिंधी गुंडाळायचे.”

“तुमच्या वेळी शिंपी जावई नव्हता ना, आत्या.”

बाहुली लाकडाची होती, वीत आणि चार बोटे उंच. रोज धुऊन धुऊन आठ महिन्यांत तिचे नाक बोथट झाले होते. आयितेने ओंजळीने तिच्या डोक्यावर पाणी सोडले आणि मऊ फडक्याने कानामागे पुसले. तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली.

आत आला तो इन्स्पेक्टर पियाबालो. तो उत्तरेकडचा, डोंगराळ भागातला माणूस, पण आनेहोच्या ठाण्यात त्याला अकरा वर्षे झाली होती. परात पाहून त्याने टोपी काढली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“बघा, साहेबाला रीत कळते,” आत्या म्हणाली. “नाहीतर आमचे पाद्री. थेट बघत राहतात.”

आयितेने बाहुलीला कोरडे केले, धुतलेला ब्लाउज घातला आणि शिवणयंत्राशेजारच्या कोनाड्यात नेऊन उभे केले. मग हात पुसले.

“बोला, साहेब.”

इन्स्पेक्टरने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर एका बाईचा फोटो छापलेला होता.

“मास्तर, ही कोण?”

आयितेने कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ तो चेहऱ्याकडे पाहतच नव्हता.

“तोंडावरून नाही सांगता येत. दोघी बहिणींचं एकच आहे. पण ही गळपट्टी माझी आहे. डाव्या बाजूला टीप सूतभर घसरलीय. ही माझी बायको.”

“म्हणजे आकुएले.”

“आकुएले.”

“कुठंय ती?”

आत्याचा सुपातला हात थांबला.

“लाकडं आणायला रानात गेलीय,” आयिते म्हणाला.

या किनाऱ्यावर जुळ्यांतले एक गेले, तरी त्याच्याबद्दल तो शब्द कोणी उच्चारत नाही. आठ महिन्यांपूर्वी तापाच्या चौथ्या दिवशी आकुएलेचा श्वास थांबला, तेव्हा देदे आत्याने तिचे डोळे मिटले, बाहेर येऊन शेजारणींना सांगितले की पोरगी लाकडं आणायला रानात गेली, आणि शेजारणी मान हलवून घरोघरी गेल्या. कोणी रडले नाही. ढोल वाजला नाही, भिंतींवर फोटो लागले नाहीत. पहाटे चौघांनी तिला माडांच्या मागे पुरले आणि घरी येऊन कसाव्याची गारी खाल्ली. कचेरीत नोंद केली नाही. नोंद करायची तर लिहावे लागते, आणि लिहिले की म्हटल्यासारखेच झाले. दहाव्या दिवशी सुताराने बाहुली आणून दिली; रानात गेलेल्या जुळीच्या जागी तीच घरात राहते, न्हाते, जेवते. त्याच दिवशी आयितेने शेजारच्या मुलीचा शाळेचा गणवेश पुरा केला.

“मला ठाऊक आहे,” इन्स्पेक्टर म्हणाला. “अकरा वर्षं झाली इथं. पण आज मी नाही विचारत, हा कागद विचारतोय. हा सगळ्या देशांच्या पोलिसांकडं आहे.”

मग त्याने बसून सांगितले. सात वर्षांपूर्वी आकुएले लोमे बंदरावर एका दलालाच्या कचेरीत कामाला होती. तिचे अक्षर सुंदर, म्हणून दलाल मालाच्या कागदांवर तिचीच सही घेई. त्यातली एक खेप युरोपातल्या बंदरात उतरली. सागवानाचे ओंडके होते. ओंडके आतून पोखरलेले आणि पोटात हस्तिदंत. दलाल कुठे पळाला कोणाला माहीत नाही. सही मात्र राहिली. तिकडच्या कोर्टाने सहीवालीच्या नावाने पकडण्याचा हुकूम काढला, आणि तो हुकूम फिरत फिरत सगळीकडच्या यंत्रांत जाऊन बसला.

“मग बसू दे,” आत्या म्हणाली. “रानात जाऊन पकडतायत होय!”

“आत्याबाई, परवा आबिजानच्या विमानतळावर आकोकोला धरलं.”

सुपातली चवळी घरंगळली. आत्याने ती वेचली नाही.

आकोको म्हणजे दुसरी बहीण. दहा वर्षांपूर्वी लिब्रव्हिलला गेली होती; तिथे तिचा जेवणाचा ठेला होता आणि बारा वर्षांची मुलगी. मुलीला सुट्टी लागेपर्यंत थांबून, शेजारणीकडे ठेवून, ती बाहुली न्यायला निघाली होती. मागे राहिलेल्या बहिणीनेच बाहुली सांभाळायची असते. आयितेकडे ती फक्त तोवर ठेवलेली. आबिजानला विमान बदलताना यंत्राने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि दिवा लाल झाला.

“तिनं सांगितलं नाही का, मी दुसरी म्हणून?”

“सांगितलं. मग त्यांनी विचारलं, पहिली कुठंय? ती म्हणाली, लाकडं आणायला रानात गेलीय.” इन्स्पेक्टरने टोपीची कड चोळली. “लोमेहून आत्याबाईंना फोन आला होता. यांनीही तेच सांगितलं. आता तुम्ही. तिघांचं एकच वाक्य. तिकडच्या साहेबाला वाटतं पाठ केलंय. त्यानं विचारलंय, कुठलं रान? माणसं पाठवू का शोधायला?”

कोणी हसले नाही.

“रक्त तपासा म्हणावं,” आयिते म्हणाला.

“डॉक्टरला विचारलं मी. एकसारख्या जुळ्यांचं रक्त एकच बोलतं.” त्याने दुसरा कागद काढून शिवणयंत्रावर ठेवला. “पुढच्या शुक्रवारी तिला युरोपात नेतील. खटला संपेपर्यंत दोन वर्षं, चार वर्षं, देवाला माहीत. मला एक ओळ द्या, मास्तर. तारीख आणि तो शब्द. खाली नवऱ्याची सही. मी आजच पाठवतो, आठवड्यात ती सुटेल.”

“एऽ पोरा!” आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. “तुझ्या आईनं तुला काही शिकवलं नाही का? जन्मताना आकुएले आधी बाहेर आली. का? मागचीनं पाठवली तिला, जा, जग कसंय बघून ये. म्हणून मागची मोठी. आताही तीच पुढं गेलीय. ती परत यायचीय असं आपण म्हणतो तोवर मागची थांबते. एकदा का घरच्या माणसानं तो शब्द काढला, की मागचीला कळतं, आता वाट बघण्यात अर्थ नाही. मग ती निघते. सरोवरापलीकडच्या कुआसीनं बायकोसाठी गळा काढला होता, भर चौकात. तिची बहीण तिकडं घानात होती, धडधाकट. चाळीस दिवस नाही काढले तिनं.”

“आत्याबाई, मी कागदापुरतं म्हणतोय.”

“कागद कोण लिहिणार? हाच ना? मग!”

इन्स्पेक्टर उठला. जाताना कोनाड्यापुढे क्षणभर थांबला आणि मान किंचित लववून गेला.

पुढचे तीन दिवस तो कागद यंत्रावर तसाच होता. आयितेने त्यावर कैची ठेवली, मग रिळे ठेवली, मग पुन्हा सगळे बाजूला केले. गिऱ्हाइके येत आणि माप देता देता विचारत,

“आली का मालकीणबाई?”

“नाही अजून.”

“मोळी मोठी बांधली असेल.”

“असेल.”

असेच आठ महिने चालले होते. लोक चांगले होते, सगळे रीत पाळत. इतकी पाळत की एखाद्या दुपारी गल्ली शांत झाली म्हणजे आयिते पायडलवरचा पाय थांबवी आणि फाटकाकडे कान देऊन बसे. आपण कशाची चाहूल घेतो आहोत हे लक्षात आले की तो मुद्दाम जोरात यंत्र चालवी. इतर विधुर काळे कपडे घालतात, त्यांच्या घरी माणसे येऊन बसतात, त्यांना कोणीतरी भात भरवते. त्याच्याकडे कोणी आले नव्हते. कशासाठी येतील?

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“भावजी.”

त्याच्या हातून मापपट्टी पडली. आवाज तिचाच होता. शेवटचे अक्षर किंचित लांबवणारा, जरा बसलेला. आठ महिन्यांत तो आवाज आपण विसरत चाललो होतो, हे त्याला तेव्हा कळले.

“भावजी, ऐकताय ना? पाचच मिनिटं दिलीत.”

“ऐकतोय. बोल. बोलत राहा.”

“मी बरी आहे. चहा देतात, पण साखरेचा पत्ता नाही. तुम्ही ते लिहून नाही ना दिलंत?”

“नाही.”

“देऊ नका. नेऊ देत कुठं न्यायचं तिथं. तिथून माणूस परत तरी येतो.” ती भराभर बोलू लागली. “पोरीला शेजारणीनं सांगितलंय, आईचं विमान चुकलं. रोज विचारते, आज मिळालं का.” मग एकदम, “आपल्या आकुएलेनं आज काय खाल्लं?”

“चवळी. लाल तेल घालून.”

“मीठ कमी घालत जा. तिला कमी लागतं.”

“माहीत आहे मला,” आयिते म्हणाला.

फोन बंद झाला. त्याने तो कानावरून काढला नाही. आत्या आतून विचारत होती कोण होतं, कोण होतं, आणि तो यंत्रापुढे उभा राहून कागद वाचत होता. शाळा तिसरीतच सुटली होती. तो बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाची. नाव. जन्मतारीख. उंची. सध्या कुठे. त्या चौथ्या रकान्याशी तो थांबला. मग कोनाड्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्यात गेला. छातीशी धरलेल्या कापडात बाहुली होती, डोके तेवढे बाहेर. दारातल्या बाकावर हवालदार लारे दाताने कोलानट फोडत बसला होता.

“काय मास्तर, देवाला चाललात का बाईंना घेऊन?”

“साहेबांकडं आलोय. बायकोला हजर करायला.”

लारे हसला. आयिते हसला नाही, तेव्हा त्याने कोलानट गालात सारला आणि वाट दिली.

इन्स्पेक्टरच्या टेबलावर आयितेने कापड सोडले आणि बाहुलीला नीट उभे केले.

“तुमचा कागद विचारतो, कुठंय. खोटं कशाला बोलू, घरात आहे. माझ्याकडं जेवते, माझ्याकडं राहते. घ्या. पाहिजे असलेली बाई तुम्हाला मिळाली, आता आकोकोला सोडा म्हणावं.”

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. इन्स्पेक्टर पियाबालोने बाहुलीकडे पाहिले, मग आयितेकडे, मग खिडकीबाहेर.

“मास्तर, ती रानात गेलीय असं पाच दिवसांपूर्वी तुम्हीच सांगितलंत.”

“गेलीय. आणि घरातही आहे. तुम्हाला अकरा वर्षं झाली म्हणता.”

“लोमेच्या वरच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली मी,” इन्स्पेक्टर हळू आवाजात म्हणाला. “दाखला आणा म्हणतात. दाखला नाही तर जबानी आणा. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते मला लिहिता येत नाही.” तो उठला, दार लावून आला आणि पुन्हा बसला. “पण माझ्या कोठडीत कोण आहे त्याला माझी एकट्याची सही पुरते.”

त्याने कैद्यांची नोंदवही ओढली.

“नाव?”

“आकुएले.”

“जन्म?”

आयितेने सांगितला.

“उंची?”

“वीत आणि चार बोटं.”

इन्स्पेक्टरने लेखणी उचलून धरली, थोडा विचार केला आणि तो रकाना कोरा सोडला. अंगावरच्या वस्तू मात्र एकेक लिहिल्या: निळा ब्लाउज एक, कमरेचे कापड एक, मण्यांची माळ एक. मग लारेला हाक मारून म्हणाला,

“बायकांच्या कोठडीत.”

“साहेब?”

“ऐकू आलं नाही का?”

लारेने दोन्ही हातांनी बाहुली उचलली. कुलूप लागल्याचा आवाज आयितेने बाहेरच्या बाकावर बसून ऐकला.

कैद्याचे जेवण घरच्यांनी आणायचे असते. आयिते रोज बाराच्या सुमारास डबा घेऊन ठाण्यात जाऊ लागला. बाकावर आणखी तीन-चार बायका डबे घेऊन बसलेल्या असत, कोणाचा नवरा आत, कोणाचा भाऊ. त्या सरकून त्याला जागा देत.

“तुमचं कोण?”

“बायको.”

“अगंबाई! काय केलं हो?”

“सही केली.”

“आमच्या ह्यांनी तर दारू पिऊन मेयरच्या बकरीला मिठी मारली,” एकजण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. आयितेही हसला. आठ महिन्यांत लोकांनी त्याला बायकोबद्दल खरे काही विचारले ते इथेच.

लारे पहिल्या दिवशी थट्टा करत होता. “बाईंनी डब्याला नावं ठेवली, मास्तर.” दुसऱ्या दिवशी त्याने डबा मुकाट्याने आत नेला. चौथ्या दिवशी म्हणाला, “तिला दाराकडं तोंड करून ठेवलं होतं मी. सकाळी भिंतीकडं होती. उंदीर असेल.”

“असेल.”

“ठाण्यात उंदीर आहेत तसे.”

पाचव्या दिवशी सीमेपलीकडून चोरटे पेट्रोल आणणाऱ्या एका बाईला पकडून आणले आणि संध्याकाळी त्याच कोठडीत घातले. कोठडीला दिवा नव्हता. सकाळी तिचा दीर येऊन तिला सोडवून घेऊन गेला. आयिते तेव्हा डबा घेऊन नुकताच आला होता. ती थोराड, बडबडी बाई बाहेर येऊन चपला घालता घालता लारेला म्हणाली,

“अरे ए, हवालदार, माणसं आहात का कोण? आतल्या त्या दुसरीला एक चटई तरी द्या. रात्रभर उभी होती बिचारी. मी म्हटलं बस गं, तर बसेना.”

लारेने तिच्याकडे पाहिले. “बोलली का काही?”

“बोलते कसली. मीच बोलत होते. ती ऐकत होती.”

ती गेल्यावर लारे आत जाऊन आला. त्याच्या हातातला डबा तसाच होता. “तुम्हीच द्या आज, मास्तर,” तो म्हणाला आणि किल्ली आयितेपुढे धरली.

सहाव्या दिवशी इन्स्पेक्टरने त्याला आत बोलावले. आबिजानहून उत्तर आले होते. पाहिजे असलेली व्यक्ती आनेहो येथे ताब्यात असल्याचे समजले. तिच्यासारख्या दिसणाऱ्या बाईला सोडण्यात येत आहे. आकोको बसने निघाली होती. दोन दिवसांत पोचणार होती.

“आणि हे दुसरं,” इन्स्पेक्टर म्हणाला. “युरोपातून दोन अधिकारी येतायत. सोमवारी. कैद्याला घेऊन जायला.”

आयितेने कागदाकडे पाहिले, पण हातात घेतला नाही.

“मग काय दाखवणार त्यांना?”

“काही नाही दाखवणार.” इन्स्पेक्टरने आवाज उतरवला. “नोंदवहीत आत आलेल्याला बाहेर काढायचे दोनच रस्ते आहेत. पळाली म्हणून लिहिलं तर हुकूम तसाच राहील, ते तोंड घेऊन आकोकोला कुठलीही सीमा ओलांडता येणार नाही. पोर तिकडं, आई इकडं. दुसरा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. तो शब्द मी लिहीन. माझ्या हातानं, माझ्या ठाण्याच्या वहीत. मी तुमच्या घरचा नाही, तुमच्या मातीतला नाही. माझ्या लिहिण्यानं तुमचं कोणी निघत नाही. आत्याबाईंना विचारून या हवं तर.”

“कोठडीत झालं म्हटल्यावर तुमच्यावर चौकशी बसेल.”

“बसेल. उत्तरेला बदली करतील. आई तिकडंच आहे, म्हणते कधीची, ये.”

आयितेने आत्याला विचारले. तिने सुपातली चवळी निवडून संपवली. मग म्हणाली, परक्याच्या तोंडचा असला तर चालतो. पण घरच्या कोणी तो बघायचा नाही, ऐकायचा नाही.

आकोको शनिवारी सकाळी उतरली ती थेट ठाण्यातच आली. आयिते बाकावर होता. त्याने आधी फाटकातून आलेले पाय पाहिले, धुळीने भरलेले, उजवे पाऊल जरा बाहेर टाकणारे. मग वर पाहायला त्याला वेळ लागला.

लारे दारात उभा होता. त्याने तिला पाहिले, एक पाऊल मागे गेला, आणि काही न बोलता आत वळला. कोठडीचे कुलूप ओढून पाहिल्याचा आवाज आला, एकदा आणि पुन्हा एकदा. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

“आहे,” तो आयितेला हळूच म्हणाला. “आत आहे ती.”

“ही बहीण,” आयिते म्हणाला.

“हो, हो. ते कळलं.”

आकोकोने वाकून आयितेला नमस्कार केला. ती थकली होती, डोळे खोल गेले होते, पण हसली ती आकुएलेसारखीच, आधी डाव्या गालाने. “वाळलात भावजी,” ती म्हणाली. “शिंप्याचेच कपडे शिंप्याला ढगळ.” आयितेने मान खाली घातली. लारेने कोठडी उघडली. आकोको आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली ती कमरेच्या कापडात बाहुली खोचून, एक हात तिच्या डोक्यावर ठेवून. मग बाकावर टेकली आणि लारेकडे पाणी मागितले.

“मास्तर,” इन्स्पेक्टरने आतून हाक मारली.

टेबलावर एकच कागद होता. ताबापावती. कैद्याचे जे काही आहे ते नवऱ्याच्या स्वाधीन केले, अशी. मधल्या ओळीवर इन्स्पेक्टरने लाकडी पट्टी आडवी ठेवली होती आणि तिच्यावर आपला तळहात.

“वर बघू नका. खाली, इथं सही करा. ही एक झाली की संपलं. सोमवारी ते येतील, हा कागद घेतील, जातील. हुकूम मिटला की आकोको पुढच्या रविवारच्या विमानानं खुशाल जाऊ दे.”

आयितेने लेखणी घेतली. सही करायला त्याला वेळ लागला. नावातले शेवटचे अक्षर तो नेहमी विसरे. बाहेर आकोको बोलायला लागली होती. आबिजानच्या कोठडीतल्या चहाची गोष्ट ती लारेला सांगत होती, आणि लारे पहिल्यांदाच सैल हसत होता. तो आवाज दारातून येत होता, शेवटचे अक्षर लांबवणारा.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. इन्स्पेक्टरने तळहात उचलला, “वाळू द्या शाई,” म्हणाला आणि उठून गेला.

पट्टी जागेवर होती. आयितेने लेखणी खाली ठेवली. त्याने हात मांडीवर घेतले, एकमेकांत गुंतवले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. आठ महिने त्याने बटणे शिवली होती, चवळी शिजवली होती, मोळी मोठी असेल म्हणून हसला होता. त्याचा उजवा हात वर आला आणि त्याने पट्टी एका बोटाने खाली सरकवली.

आधी तिचे नाव होते. तो अक्षर अक्षर लावत गेला. मग तारीख होती, आजचीच. त्याने ती दोनदा वाचली. आज, सकाळी. म्हणजे आत्ताच. पुढे तो शब्द होता, लहानसाच. त्याने पहिल्या अक्षरावर बोट ठेवले आणि वाचताना नेहमी हलत तसे त्याचे ओठ हलले.

“...आणि मी त्याला म्हटलं,” बाहेर आकोको सांगत होती, “अरे बाबा, साखर नाही तर नाही, निदान चमचा तरी हलव म्हणजे मला...”

ती थांबली.

आयितेचे बोट कागदावरच होते. त्याने मागे वळून पाहिले नाही.

“मग?” लारेने हसत विचारले.

पंखा फिरत होता.

“मग काय म्हणाला तो?” लारे म्हणाला. “ताई?”